एका सम्राटाची नोकरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासावर बोलायचे म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज ज्या सम्राटाबद्दल मी बोलणार आहे त्याने लढाया पुष्कळ केल्या, पण साऱ्या खुर्चीत बसून. डाव्या हाताखाली कीबोर्ड, उजव्या हातात माउस आणि समोर संगणकाचा पडदा. त्याचे नाव लिम यो-ह्वान. दक्षिण कोरियातला हा मुलगा, जन्म ४ सप्टेंबर १९८०चा. खेळताना तो 'बॉक्सर' हे नाव घेई, आणि त्याचे चाहते त्याला 'टेरनचा सम्राट' म्हणत. टेरन म्हणजे काय, ते ओघात येईलच.

हा विषय मला सुचला तो एका जुन्या रुखरुखीतून. २००१ साली माझा भाचा बारावीची परीक्षा देऊन सुटीवर पुण्याला आमच्याकडे आला होता. सकाळी नाश्ता करून जो बाहेर पडायचा तो जेवायलाच घरी. एकदा शोधत गेलो, तर स्वारी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत, तासाला वीस-पंचवीस रुपये मोजून बंदुकांचा खेळ खेळते आहे. चारचौघांत त्याला म्हणालो, "यानं पोट भरणार आहे का तुझं?" तो काही बोलला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आले, की नेमक्या त्याच वर्षी सोलमध्ये एक वीस वर्षांचा मुलगा दूरचित्रवाणीच्या दिव्यांखाली बसून असाच एक खेळ खेळत होता आणि त्यावर त्याचे पोट भरायला लागले होते. नुसते त्याचेच नव्हे, समालोचकांचे, वाहिनीचे आणि खेळाडूंना सांभाळणाऱ्या संघांचेही.

असे कोरियातच का झाले? १९९७च्या अखेरीस आशियातल्या आर्थिक वादळात कोरिया सापडला आणि त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. मोठमोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली. नोकरी गेलेल्या अनेक मध्यमवयीन माणसांनी हाती आलेले पैसे एका नव्या धंद्यात घातले. त्याला कोरियन भाषेत 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. संगणकांनी भरलेली खोली, तासावर भाडे. दुसरीकडे सरकारने मंदीतून वर येण्यासाठी वेगवान इंटरनेटच्या जाळ्यावर भर दिला होता. नोकरी गेलेल्या बापांनी दुकाने थाटली आणि नोकरी न मिळालेली मुले त्यांत येऊन बसली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. २०००-२००१च्या सुमारास अशा खोल्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली होती.

या खोल्यांत जो खेळ चालला तो अमेरिकेतला होता, 'स्टारक्राफ्ट'. ब्लिझर्ड या कंपनीने तो १९९८च्या मार्चअखेर बाजारात आणला. जगभर त्याच्या जेवढ्या प्रती खपल्या त्यांपैकी सुमारे पंचेचाळीस लाख एकट्या कोरियात खपल्या, असे सांगतात. खेळ बुद्धिबळासारखा दोघांचा, पण पाळी नसते. दोघांनीही एकाच वेळी, न थांबता चाली करायच्या. खाणीतून खनिज काढायचे, त्यातून इमारती उभारायच्या, सैन्य घडवायचे आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा. प्रतिस्पर्ध्याचे सैन्य कुठे आहे ते आपला शिपाई तिथे पोचल्याशिवाय दिसत नाही. सैन्ये तीन जातींची. टेरन ही माणसे, झर्ग हे किड्यांसारखे प्राणी आणि प्रोटॉस ही परग्रहावरची प्रगत जमात. चांगला खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास हुकूम सोडतो. म्हणजे सेकंदाला पाच. तबलजीची बोटे द्रुत लयीत चालताना पाहिली असतील, तर कल्पना येईल.

१९९९ साली मुलांच्या कार्टून दाखवणाऱ्या एका कोरियन वाहिनीने या खेळाची स्पर्धा दाखवून पाहिली. ती इतकी चालली, की २००० साली केवळ अशा खेळांसाठी 'ऑनगेमनेट' नावाची स्वतंत्र वाहिनी निघाली. त्याच वर्षी सांस्कृतिक मंत्रालयाच्या मान्यतेने व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी राहिली. खेळाडूंची नोंदणी होऊ लागली. पुढे तर व्यावसायिक होण्यासाठी पात्रता स्पर्धा जिंकून परवाना मिळवायचा आणि मग संघांनी आपल्याला निवडायचे, अशी रीतसर पायरी झाली. मला यातला परवाना फार महत्त्वाचा वाटतो. घरी दाखवायला एक कागद तरी आला!

वाहिनीवर एक समालोचक होते, ऑम जे-ग्यंग. मूळचे चित्रकथांचे लेखक. खेळाडूंना बिरुदे चिकटवण्यात त्यांचा हातखंडा. पडद्यावर दिसतात ते ठिपक्यांएवढे शिपाई, त्यांच्यामागे नायक आणि खलनायक उभा करायचा तर गोष्ट सांगणारा हवाच. आणि गोष्टीला नायक हवा. तो २००१ साली सापडला.

टेरन ही जात त्या काळी दुबळी समजली जाई. बॉक्सर ती घेऊन उतरला. त्याने कोणती नवी गोष्ट केली? त्याआधी सैनिकांचा जथा करायचा आणि शत्रूवर सोडायचा, अशी सर्वसाधारण पद्धत होती. बॉक्सर एकेका शिपायाला वेगळे हलवू लागला. झर्गच्या सैन्यात 'लर्कर' नावाचा एक प्राणी आहे. तो जमिनीत दडून बसतो आणि सरळ रेषेत काटे सोडतो. शिपायांचा घोळका त्या रेषेत सापडला तर एका फटक्यात कापला जातो. बॉक्सरचे शिपाई काटे येण्याच्या क्षणी दोन्ही बाजूंना फुटत, गोळ्या झाडत, पुन्हा फुटत. पाहणाऱ्याला वाटे, प्रत्येकाला स्वतंत्र डोके आहे. शिवाय वाहक विमानात चार-सहा शिपाई घालून ते शत्रूच्या पिछाडीला, त्याच्या खाणकामगारांवरच उतरवायचे, हे त्याचे आवडते काम. समोरासमोरच्या लढाईत जो हरला असता तो असा मागच्या दाराने जिंके. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना याची गोडी वेगळी सांगायला नको.

२००१ साली ऑनगेमनेटच्या मुख्य स्पर्धेच्या लागोपाठ दोन मोसमांत तो अजिंक्य ठरला. पहिली अंतिम लढत त्याने ३-० अशी एकतर्फी जिंकली. दुसरी होंग जिन-हो या झर्ग खेळाडूविरुद्ध ३-२ अशी. त्या स्पर्धेतला एक नकाशा टेरनला फारच धार्जिणा होता, अशी कुरकुर जुने रसिक अजूनही करतात, आणि ती अगदीच खोटी नाही. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी 'वर्ल्ड सायबर गेम्स' या जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक त्याने पटकावले. त्याच्या चाहत्यांच्या मंडळाची सभासदसंख्या पुढे सहा लाखांच्या घरात गेली. त्याच्या लढतींच्या डीव्हीडी निघाल्या. २००४ साली त्याचे आत्मचरित्रही आले. वय वर्षे चोवीस!

पण मला खरे कुतूहल आहे ते या झगमगाटाच्या मागच्या दिनक्रमाचे. हे खेळाडू संघाच्या एकाच घरात राहत. एका खोलीत संगणकांच्या रांगा, दुसऱ्या खोलीत गाद्या. उशिरा उठायचे, जेवायचे आणि मग दिवसाचे दहा-बारा तास सराव. रात्र उलटून जाई. धाकट्यांनी थोरल्यांच्या सरावाला जोडीदार म्हणून बसायचे. मी कोल्हापूरकडचा. हे वर्णन प्रथम वाचले तेव्हा मला आमच्याकडची तालीम आठवली. तीच पथारी, तोच वस्ताद, तीच सकाळ-संध्याकाळची मेहनत आणि तोच आश्रयदात्याचा प्रश्न. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. इथे आश्रयदाते मोबाइल कंपन्या आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्या होत्या. बॉक्सरच्या संघाला आधी ओरियन या मिठाई-बिस्किटांच्या कंपनीचे नाव होते. तो करार संपला तेव्हा काही महिने संघाला कोणीच वाली नव्हता. देशातला सगळ्यात गाजलेला खेळाडू संघात असूनही! २००४च्या एप्रिलमध्ये एसके टेलिकॉम ही दूरसंचार कंपनी पुढे आली आणि 'एसके टेलिकॉम टी-वन' हा संघ जन्मला. बॉक्सरचा पगार वर्षाला दहा कोटी वॉनच्या वर गेला. चांगल्या नोकरदारालाही हेवा वाटावा, असा तो आकडा होता. राखीव खेळाडूंच्या वाट्याला मात्र फारच थोडे येई.

त्याच २००४ सालच्या दोन आठवड्यांत या माणसाची सारी कारकीर्द एकवटलेली आहे, असे मला वाटते. म्हणून इथे थोडा थांबतो.

नोव्हेंबरमध्ये उपांत्य लढत होती. समोर जुना प्रतिस्पर्धी होंग जिन-हो. तो इतक्या अंतिम लढती हरला होता, की कोरियात 'दोन' हा आकडाच त्याच्या नावाशी जोडला गेला. दोघांच्या लढती म्हणजे मेजवानी. लोक पाच डाव पाहायच्या तयारीने बसले होते. पहिल्या डावात बॉक्सरने खेळ सुरू होताच आपले खाणकामगार थेट होंगच्या दाराशी नेले आणि तिथे खंदकासारखी चौकी बांधून आत शिपाई बसवले. होंगची मांडणी होण्याआधीच डाव संपला. हा उतावळा, सट्ट्यासारखा डाव. फसला तर आपणच बुडतो. दुसऱ्या डावात असे पुन्हा कोण करील? बॉक्सरने केले. तिसऱ्यांदा तर शक्यच नाही! तिसऱ्यांदाही केले. ३-०. लढत पाहताना खायला म्हणून मागवलेले तळलेले चिकन घरी पोचण्याआधीच सगळे आटोपले होते, हा किस्सा कोरियात आजही सांगतात. रसिक भडकले. सम्राटाला हे शोभते का, असा सवाल झाला.

मी त्या भडकलेल्या रसिकांच्या बाजूचा नाही. करमणूक ही पाहणाऱ्याची. खेळणाऱ्यासाठी तो कामाचा दिवस होता. तीन वर्षे त्याला या स्पर्धेचे विजेतेपद मिळाले नव्हते, आणि अंतिम फेरीत समोर कोण असणार हे त्याला ठाऊक होते.

समोर होता चोई यॉन-संग. त्याच्याच संघातला, त्यानेच हेरून आणलेला, त्याच्याच घरात सराव करून तयार झालेला. पण शिष्याने गुरूची कला उचलली नव्हती. गुरू चार शिपायांत जादू करणारा, तर शिष्य हिशेबी कारखानदार. चोई आधी खाणी वाढवी, मग कारखाने, आणि मग शत्रूवर अशी रणगाड्यांची रांग सोडी, की समोरच्याचे हस्तकौशल्य तिथे थिटे पडे. खेळच त्या दिशेने चालला होता. २० नोव्हेंबर २००४ रोजी गुरू-शिष्य पाच डाव खेळले. शिष्य ३-२ने जिंकला. पराभवानंतर व्यासपीठावर बॉक्सरला रडू कोसळले. आपल्याकडे शिष्याकडून हरण्यात गुरूला आनंद वाटावा असे म्हणायची पद्धत आहे. त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर तसले काही नव्हते, आणि मला तेच खरे वाटते. तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्या धंद्यात हे उतारवय मानले जात होते.

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. उपांत्य लढतीत ०-२ अशा पिछाडीवरून ३-२. अंतिम लढतीतही ०-२ वरून २-२ अशी बरोबरी. पाचवा डाव ओ यंग-जोंग या कोवळ्या पोराने जिंकला. एकूण सहा अंतिम लढती, दोन विजय, चार पराभव. या स्पर्धेत तीनदा जिंकणाऱ्यासाठी 'सोन्याचा माउस' नावाचे खास पारितोषिक ठेवण्यात आले. २००६ साली ते पहिल्यांदा ली युन-योल घेऊन गेला. सम्राटाला ते कधीच मिळाले नाही.

आणि मग आला सरकारी हुकूम. कोरियात धडधाकट तरुणाला सैन्यात जावेच लागते, त्या काळी साधारण दोन वर्षे किंवा थोडी अधिक. ऑलिंपिकमध्ये कोणतेही पदक किंवा आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्याला त्यातून सवलत आहे. संगणकावरच्या खेळाला ती कुठून असणार? ज्या धंद्यात बोटे सहा महिने थांबली तरी गंज चढतो, तिथे दोन वर्षे म्हणजे निवृत्तीच. ऑक्टोबर २००६ मध्ये बॉक्सर हवाई दलात भरती झाला. इथे मात्र त्याच्या लोकप्रियतेने एक चमत्कार केला. २००७ साली हवाई दलाने स्वतःचाच संघ काढला, नाव 'एस'. गणवेशातले खेळाडू लीगमध्ये उतरले. संघ बहुधा तळाशीच असे, कारण त्यात सगळे वयस्क, म्हणजे पंचविशीतले! पण त्यामुळे सैन्यात गेला म्हणजे संपला, हा नियम मोडला. होंग जिन-हो देखील पुढे त्याच संघातून खेळला. डिसेंबर २००८ मध्ये बॉक्सर सुटून आपल्या संघात परतला. तिशीतही खेळत राहायचे, असे तो उघडपणे म्हणत होता.

२०१० साली या साऱ्या डोलाऱ्याला मोठा तडा गेला. काही खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मुद्दाम डाव हरल्याचे उघडकीस आले. त्यांत मा जे-युन हा एके काळचा विजेता होता. संघटनेने अकरा जणांना कायमचे बाद केले. मोठ्या खेळाडूंचा लोभ समजतो, पण राखीव फळीतल्या मुलांचा विचार केला की मी अडखळतो. शाळा मागे पडलेली, हाती पुरता पगार नाही, आणि पंचविशीनंतर काय याचे उत्तर कोणाजवळ नाही. त्यांच्या गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. पण अशा मुलांना हेरणे सट्टेबाजाला कठीण गेले नसावे. भाच्याला मी जो प्रश्न टाकला होता, तो या मुलांच्या बाबतीत रास्त होता. माझा भाचा पुढे बँकेत लागला. त्या सुटीचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

त्याच २०१० साली तिशीतला बॉक्सर जुना खेळ सोडून 'स्टारक्राफ्ट दोन' या नव्या खेळाकडे वळला. पहिल्याच वर्षी त्याने तिथल्या मुख्य स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि स्वतःचा संघही काढला. संघाचे व्यवस्थापन त्याची मैत्रीण, पुढे पत्नी झालेली अभिनेत्री किम गा-योन पाहत असे. तो संघ २०१२ साली मोडला. त्याच उन्हाळ्यात, ज्या स्पर्धेने त्याला सम्राट केले तिचा जुन्या स्टारक्राफ्टमधला शेवटचा मोसमही पार पडला. बॉक्सर जुन्या संघात प्रशिक्षक म्हणून परतला, २०१३ साली मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रकृतीच्या कारणाने राजीनामा देऊन बाहेर पडला. त्यानंतर तो व्यावसायिक पोकर खेळू लागला. होंग जिन-होही पुढे त्याच टेबलाकडे वळला. हे वाचून प्रथम मला वाईट वाटले. मग मनात आले, समोरच्याचे पत्ते न दिसता त्याच्या मनातले ओळखायचे, हेच तर हे दोघे विशीपासून करीत आले होते.

त्याच २०१३ सालात, ज्या संघाच्या मुळाशी बॉक्सर होता त्या एसके टेलिकॉम टी-वनने 'लीग ऑफ लेजंड्स' या दुसऱ्याच खेळासाठी एक शाळकरी मुलगा घेतला होता. ली सांग-ह्योक, खेळातले नाव 'फेकर', जन्म १९९६चा. बॉक्सरने संघ सोडला त्याच्या पुढच्याच महिन्यात या सतरा वर्षांच्या मुलाने जागतिक विजेतेपद मिळवले. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, २०२३ साली, संगणकावरच्या खेळांना पहिल्यांदाच अधिकृत पदके होती. लीग ऑफ लेजंड्सचे सुवर्णपदक कोरियाने जिंकले. फेकर त्या संघात होता, वय सत्तावीस. नियमाप्रमाणे त्या साऱ्या संघाला सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळाली. बॉक्सरने सव्वीसाव्या वर्षी संगणकावरून उठून छावणीची वाट धरली होती. फेकर परत येऊन त्याच नोव्हेंबरात सोलच्या मैदानात पुन्हा जागतिक विजेता झाला, आणि पुढच्या दोन्ही वर्षीही.